ठिपक्याची गाडी की कॅमेऱ्याची गाडी?

दिवाळीच्या आधी भिवंडीच्या गोदामांत ड्रायव्हरांची भरती निघते आणि ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात. दोन ठिकाणी बोलावलंय, एकीकडे गाडीत कॅमेरा आहे, दुसरीकडे नुसता जीपीएस, काय करू? पगार, पीएफ, ओव्हरटाइम ज्याचं त्यानं विचारून घ्यावं, त्यात उन्नीस-बीसचाच फरक असतो. मी दोन्हीकडे गाडी चालवली आहे. दोन्हीकडे छोटा हत्तीच, माल भिवंडीचा आणि उतरवायचा घाटकोपर, साकीनाका, पवई या पट्ट्यात. तेव्हा मी सांगतो ते या पट्ट्यापुरतं धरा. कसारा घाट रात्री चढणाऱ्याचा हिशेब वेगळा असणार.

नुसत्या जीपीएसवाल्या गाडीला मी ठिपक्याची गाडी म्हणतो, कारण ऑफिसच्या स्क्रीनवर तुम्ही म्हणजे एक ठिपका. दुसऱ्या गाडीत जीपीएस असतोच, वर आरशाजवळ काचेला एक डबी चिकटवलेली असते. तिचा एक डोळा रस्त्यावर, दुसरा तुमच्यावर.

सुरक्षेचे नियम कागदावर दोन्हीकडे सारखेच. बेल्ट, बूट, गाडी थांबली की हँडब्रेक आणि चावी खिशात, रिव्हर्स घेताना हेल्पर खाली, मागे मालात कुणी बसायचं नाही. ठिपक्याच्या गाडीत हे नियम सकाळी गोदामात वाचून दाखवतात आणि गेटबाहेर पडलं की संपतात, कारण ठिपक्याला बेल्ट दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. खैरानी रोडसारख्या ठिकाणी दर दहा दुकानांमागे एक पार्सल असतं. गाडी हातभर पुढे घ्यायची तरी बेल्ट लावा, नाहीतर डबी ओरडते. आधी फार चिडचिड व्हायची, आता हात आपोआप जातो. बुटांचं मात्र मला अजून पटलेलं नाही. जुलैत गुडघाभर पाण्यात उतरून माल द्यायचा, मग दिवसभर ओल्या बुटात पाय पांढरेफटक पडतात. ओली चप्पल पेडलवरून सटकते हे मान्य, पण नियम लिहिणाऱ्याने कुर्ल्याला कमानीपाशी पावसात एकदा उतरून बघावं.

रिव्हर्सच्या नियमात गोम अशी, की हेल्पर पार्सल घेऊन सातव्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि मागून वॉचमन शिट्टी मारतोय की गाडी काढा. ठिपक्याच्या गाडीत तुम्ही एकट्यानेच मागे घेता, कारण थांबलेली मिनिटं मोजली जातात आणि का थांबलात ते मोजलं जात नाही. कॅमेऱ्याच्या गाडीतही मिनिटं मोजतात. पण हेल्परसाठी थांबलो होतो हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

आता कॅमेऱ्याचे चाळे. ते कमी नाहीत. समोरून मान वळली आणि काही सेकंद तिकडेच राहिली, की यंत्राच्या लेखी तुमचं लक्ष नाही. आमच्या गल्ल्यांमध्ये डावीकडून बाइक घुसतात, हातगाडी घुसते, पोरं घुसतात. डावा आरसा नीट बघायलाच लागतो. तो बघितला की डबीतली बाई बोलते, "कृपया समोर पाहा." अगं बाई, समोर बघत बसलो तर डावीकडचा चाकाखाली जाईल! तंबाखू मळायला मान खाली घातली की इशारा. जांभई दिली की इशारा, आणि संध्याकाळच्या फेरीत जांभई येणारच. दिवसाला 8 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहून ठेवलं होतं. जांभईचा इशारा वाजतो, रिपोर्ट वर जातो, पण म्हणून दुसऱ्या दिवशी पार्सलं कमी झाली असं मी तरी पाहिलेलं नाही.

हार्ड ब्रेकचं, म्हणजे जोरात ब्रेक मारला की गुण कापतात त्याचं, रडगाणं दोन्हीकडे आहे. यंत्राला फक्त धक्का कळतो. घोडबंदरच्या खड्ड्यात चाक आपटलं काय आणि रिक्षा आडवी आली म्हणून ब्रेक मारला काय, दोन्ही एकाच खात्यात. ठिपक्याच्या गाडीत ते गुण गेले ते गेलेच. कॅमेऱ्याच्या गाडीत हरकत घेता येते, क्लिप बघून काढतातही. दर वेळी काढतात असं नाही.

दसऱ्याची गंमत सांगतो. आमच्या एका सहकाऱ्याने गाडीची पूजा केली, झेंडूचा घसघशीत हार काचेला आतून बांधला. गाडी हलली की हार हलायचा आणि डबी म्हणायची, "कॅमेरा झाकला गेला आहे." मुलुंडपर्यंत ऐकलं त्याने, मग हार काढून बंपरला बांधला.

इथवर वाचून वाटेल की मी ठिपक्याच्या बाजूचा. तसा मी झालोही असतो. पण ठिपक्याच्या गाडीतल्या एका गोष्टीने मला वीट आणला. ती म्हणजे फोन.

ठिपका कुठे आहे एवढंच सांगतो, का आहे ते सांगत नाही. त्यामुळे तो जागचा हलला नाही की ऑफिसात कुणाची तरी चुळबुळ सुरू होते.

"कुठंयस?"

"चांदिवली, साहेब."

"दिसतंय मला चांदिवली. थांबलास का?"

"वॉचमन एंट्री करतोय."

"लवकर आटप, अजून किती राहिलेत!"

हे एकदाचं नाही, दिवसभराचं. मॉलच्या तळघरात गाडी गेली की सिग्नल जातो, मग फोन: गाडी बंद का दाखवते? सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याला पुलावर पूल आहेत, ठिपका वरचा की खालचा ते त्यालाच कळत नाही, मग फोन: तिकडे कुठे चाललास? अंधेरी सबवे पाण्याखाली गेला, पोलिसांनी बंद केला, सगळ्या मुंबईला टीव्हीवर दिसतंय, तरी फोन: हलत का नाहीस?

आणि हा फोन येतो कुठे? ज्या मोबाइलवर नकाशा चालू आहे, त्याच्यावरच. स्क्रीनभर साहेबांचं नाव. चांदिवलीत सारख्या नावाच्या सोसायट्या, ए विंग इकडे, डी विंग पलीकडच्या रस्त्याला. नेमका वळणाच्या तोंडाशी नकाशा झाकला जातो. कापायला लाल बटण शोधा तोवर वळण गेलं. जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, असं वळण सुटलं की पुढचा यू-टर्न मिळेपर्यंत डोक्याला हात लावायचा, आणि तेवढ्यात पुन्हा फोन, की उलट्या दिशेला का चाललास. नाही उचलला तर संध्याकाळी बोलणी, उचलला तर हातात फोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीपासून हातात मोबाइल घेऊन चालवणं हे धोकादायक चालवण्यात धरलंय. 2020 च्या नियमात सूट आहे ती रस्ता बघण्यापुरती, साहेबांशी बोलण्याची नाही. चलान आलं तर ते ड्रायव्हरच्या पगारातून. सकाळी मोबाइल वापरू नका म्हणून नियम वाचणारा आणि दुपारी फोन करणारा माणूस तोच.

सगळ्यात वाईट वेळ रिव्हर्सची. हेल्पर मागून ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे", आणि त्याच्या "थांब"वर नेमकी रिंग वाजते. आमच्याकडे एकाने अशीच सोसायटीच्या पाण्याच्या मीटरला धडक दिली. भरपाई त्याच्या पगारातून कापली. फोन करणारा नामानिराळा.

कॅमेऱ्याच्या गाडीत मी गेलो तेव्हा हे बदलेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरचा फोन आला, मी उचलला, डबी ओरडली, क्लिप वर गेली. सेफ्टी बघणाऱ्या मॅडमनी मला बोलावलं. विचारलं ते एवढंच, की फोन कुणाचा होता. मी नंबर दाखवला. नंतर सुपरवायझरचा फोन चालत्या गाडीत आलेला मला आठवत नाही. निरोप आता अॅपवर येतो आणि गाडी थांबल्यावर उघडतो. गाडी का थांबली हेही त्याला विचारावं लागत नाही, समोरच्या काचेतून बंद फाटक दिसतंच. माझ्यावर लावलेला डोळा साहेबांनाही आवर घालेल, ही माझ्यासाठी नवलाई होती.

दुसरा फायदा सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगतो. साकीनाक्याला एक बाइकवाला उलट्या बाजूने येऊन मागच्या फळीला घासला आणि पडला. गर्दी जमली. आपल्याकडे चूक मोठ्या गाडीचीच, ते ठरलेलं. दोन हजार काढ, पाच हजार काढ सुरू झालं. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, चौकीला जाऊ, सगळं यात आहे. आवाज खाली आला. ती क्लिप माझ्या हातात नसते, ऑफिसात असते आणि मागितल्यावर मिळेलच याची खात्री नसते, हे गर्दीला कुठे माहीत!

उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत 2021 मध्ये अॅमेझॉनने डिलिव्हरी व्हॅनमध्ये असे कॅमेरे आणले तेव्हा ड्रायव्हरांनी खासगीपणाची तक्रार केली होती. तिथल्याच यूपीएस या पार्सल कंपनीच्या ड्रायव्हरांच्या टीमस्टर्स संघटनेने 2023 च्या करारात ड्रायव्हरकडे तोंड केलेला कॅमेरा नको हे लिहून घेतलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. केबिन हेच आपलं जेवणघर, तिथेच दुपारी पाय पसरतो, तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावतो. पण त्यांच्या बाजूने बोलायला संघटना आहे. माझ्या बाजूने बोलायला ती क्लिप आहे, आणि तीही मालकाच्या कपाटात.

संमतीच्या फॉर्मवर सही घेतात, तिला फार अर्थ आहे असं समजू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, संमतीवाचूनही माहिती वापरायची सोय ठेवली आहे. म्हणून सहीपेक्षा प्रश्न विचारा. चावी काढल्यावर आतला कॅमेरा बंद होतो का? आमच्याकडे थोड्या वेळाने होतो, म्हणून मी जेवणाचा डबा लगेच उघडत नाही. आवाज रेकॉर्ड होतो का? क्लिप कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हरकत कुणाकडे घ्यायची? यातल्या एकालाही "बघू नंतर" असं उत्तर आलं तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेवा.

ठिपक्याची गाडी कुणाला चालेल? ज्याचा सुपरवायझर स्वतः कधीतरी गाडी चालवलेला आहे, त्याला. असे असतात, मी त्यातल्या एकाबरोबर काम केलंय, त्याचा फोन फक्त जेवणाच्या वेळी यायचा. ज्याचा रूट रोजचा, ठरलेल्या दुकानांचा आहे, त्यालाही चालेल, कारण त्याला नकाशा लागत नाही. आणि ज्याला केबिनमध्ये दुपारची झोप लागतेच, त्याला मी कॅमेऱ्याच्या गाडीत बस असं म्हणणार नाही. बाकीच्यांनी, म्हणजे रोज नवे पत्ते आणि रोज नव्या सोसायट्या असणाऱ्यांनी, कॅमेऱ्याला लगेच नाक मुरडू नये असं आपलं माझं मत.

ठरत नसेल तर भरतीच्या दिवसांत दोन्हीकडे हेल्पर म्हणून एकेक दिवस जाता येतं, माणसं कमीच असतात. ड्रायव्हरशेजारी बसा. कॅमेऱ्याची बाई किती वेळा बोलते ते बघा, आणि दुसऱ्या गाडीत साहेब किती वेळा.