व्यायामासाठी छोटा म्युझिक प्लेअर: क्लिपचा, पाण्यातला की मनगटावरचा?

ॲपलचा आयपॉड शफल जुलै २०१७मध्ये बंद झाला आणि जणू व्यायामासाठीच बनवलेला प्लेअर बाजारातून गेला. त्याच्या शेवटच्या पिढीचे वजन १२.५ ग्रॅम होते, बॅटरी १५ तासांची. पडदा नव्हता, पण न बघता बोटाला सापडणारी बटणे होती आणि पाठीवर टीशर्टच्या कडेला अडकवायची क्लिप. त्यानंतर ‘व्यायामाला कोणता घेऊ?’ या प्रश्नाला सरळ एक उत्तर उरले नाही. आज तीन प्रकार समोर येतात: कपड्याला अडकवायचा क्लिपवाला प्लेअर, कानावरच बसणारा पाण्यातला प्लेअर आणि गाणी साठवणारे घड्याळ. फोन हा चौथा पर्याय तुमच्याकडे आहेच, आणि त्याला कंटाळूनच तुम्ही या शोधाला लागला असाल.

तो कंटाळा रास्त आहे. बरेच फोन कव्हरसकट २०० ग्रॅमच्या घरात जातात. ट्रॅकपँटच्या खिशात ते आपटत राहतात, दंडाला बांधले की पट्ट्याखाली घाम साचतो, ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत ऑफिसचा मेसेज दिसतो आणि मिनिटभराची विश्रांती लांबत जाते. वेगळा प्लेअर घेण्याचे माझ्या दृष्टीने हेच सर्वांत भक्कम कारण आहे.

आधी गाणी कुठून येणार ते ठरवा

प्लेअरचे मॉडेल बघण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्याकडे गाण्यांच्या स्वतःच्या फाइल आहेत का? स्पॉटिफाय किंवा तत्सम ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी ही एमपीथ्री फाइल नसते. ती कुलूपबंद असते, त्या ॲपच्या बाहेर वाजत नाही आणि साध्या प्लेअरमध्ये कॉपी करता येत नाही. वर्गणी थांबली की तीही गेली. त्यामुळे वर्षानुवर्षे फक्त ॲपवर ऐकणाऱ्याने क्लिपवाला प्लेअर घेतला, तर तो पहिल्याच संध्याकाळी रिकामा पडून राहतो.

याउलट घरात नाट्यसंगीताच्या, अभंगांच्या, गझलांच्या सीडी असतील तर तुम्ही श्रीमंत आहात. सीडी ड्राइव्ह असलेला एखादा जुना संगणक मिळवा, एका रविवारी बसून त्यांच्या एमपीथ्री करून घ्या. विकत घेतलेली एमपीथ्री, पॉडकास्टचे डाउनलोड केलेले भाग, व्याख्यानांची रेकॉर्डिंग हे सगळेही चालते. जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसच्या दर्जात एक मिनिट म्हणजे साधारण एक एमबी, म्हणजे पाच मिनिटांची सुमारे ८०० गाणी ४ जीबीत बसतात. व्यायामाला एवढी पुष्कळ झाली.

फाइल आहेत, तर पुढचे दोन्ही विभाग तुमचे. फाइल नाहीत आणि जमवायची इच्छाही नाही, तर सरळ घड्याळाच्या विभागाकडे जा.

जमिनीवरचा व्यायाम: क्लिपवाला प्लेअर

या वर्गातले सर्वांत ओळखीचे नाव सॅनडिस्कचे. त्यांच्या दोन मॉडेलांची तुलना केली की या वर्गातला मुख्य प्रश्न कळतो. क्लिप जॅमला ८ जीबी जागा आहे, वर मायक्रोएसडी कार्ड बसते, बॅटरी १८ तास चालते असे कंपनी सांगते, एफएम रेडिओ आहे. पण ब्लूटूथ नाही. क्लिप स्पोर्ट प्लसमध्ये १६ जीबी, २० तास, ब्लूटूथ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून आयपीएक्स५ दर्जाचे संरक्षण आहे (‘आयपी’ म्हणजे उपकरण पाणी-धूळ किती रोखते हे सांगणारी ठरलेली श्रेणी). म्हणजे निवड शेवटी वायर की ब्लूटूथ अशीच येऊन ठेपते.

टेकडीवर चालणाऱ्याला आणि साध्या जॉगिंगला मी वायर सुचवेन. चार्ज करायची एकच वस्तू राहते, इअरफोन हरवला तर फुटकळ पैशांत नवा येतो आणि कानातून निसटला तरी गटारात जात नाही, गळ्याशी लोंबतो. वायर टीशर्टवर घासल्याचा खरखराट कानात येतो, त्यावर उपाय म्हणजे ती टीशर्टच्या आतून घ्यायची आणि प्लेअर कमरेला न लावता कॉलरपाशी लावायचा.

पण सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, जोर-बैठका असा व्यायाम असेल तर वायर नकोच. प्रत्येक नमस्कारात ती हाताखाली येते. तिथे ब्लूटूथचा जास्तीचा खर्च वसूल होतो. जिममध्येही केबल मशिनच्या हँडलमध्ये इअरफोनची वायर अडकते आणि कानाला हिसका बसतो.

रेडिओबद्दल एक गोष्ट पेटीवर ठळक लिहिलेली नसते. या छोट्या प्लेअरमध्ये इअरफोनची वायरच एफएमच्या अँटेनाचे काम करते. म्हणून ब्लूटूथ असलेल्या प्लेअरवरही सकाळची विविध भारती ऐकायची तर वायरचा इअरफोन लावावा लागतो. ज्यांची सकाळ रेडिओवरच सुरू होते त्यांचा निर्णय इथेच झाला: क्लिप जॅमसारखा वायरचा प्लेअर.

पडदा लहान असला तरी तो आणि फोल्डर असणे मोलाचे आहे. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले पडतात, भरभर चालताना सव्वाशेच्या आगेमागे. भजनी ठेक्यातला अभंग चालण्याला सुरेख साथ देतो, पण पळताना तोच पाय मागे ओढतो. वॉर्मअप, मुख्य व्यायाम आणि शेवटचे ताण सोडणे अशी तीन फोल्डर केली की लय हातात राहते. बिनपडद्याच्या प्लेअरवर हे करता येते, पण अंदाजाने.

पावसाळ्याचा विचार मात्र महाराष्ट्रात राहणाऱ्याने वेगळा करायला हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर पळणार असाल तर कसलेच संरक्षण नसलेला प्लेअर झिपवाल्या प्लॅस्टिक पिशवीत घालून न्यावा लागतो. शिवाय आयपी दर्जाच्या चाचण्या साध्या पाण्यावर होतात, घामात मीठ असते. बटणांच्या फटीत आणि चार्जिंगच्या खाचेत ते साठून धातू खाते. व्यायाम संपला की कोरड्या फडक्याने पुसायचे आणि खाच पूर्ण वाळल्याशिवाय चार्जरला लावायचे नाही, एवढे पाळले तर छोटा प्लेअर दीर्घकाळ टिकतो.

पोहणाऱ्यांसाठी: सोनी की शॉक्झ

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि पाणी या लहरी शोषून घेते. काठावर फोन ठेवून पाण्याखाली गाणी ऐकता येत नाहीत, इअरबड कितीही महाग आणि जलरोधक असला तरी. म्हणून पोहणाऱ्याला गाणी डोक्यावरच्या उपकरणातच साठवलेली लागतात. इथे दोन वेगळ्या विचारांची उपकरणे आहेत.

सोनीचा वॉकमन एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ म्हणजे मानेमागून पट्टी गेलेले आणि कानात बसणारे दोन बोळे. सगळा प्लेअर त्यातच. वजन ३२ ग्रॅम, साठवण ४ जीबी, बॅटरी १२ तास, आणि घाईत तीन मिनिटे चार्ज केला तर तासभर वाजतो. दोन मीटर खोलीपर्यंत, खाऱ्या पाण्यातही चालतो असा कंपनीचा दावा आहे, म्हणजे मिरामार किंवा तारकर्लीला समुद्रात पोहणाऱ्यांना उपयोगी. पाण्यासाठी वेगळे बोळे सोबत येतात आणि ते कानात घट्ट बसले तर आवाज भरीव येतो. सगळा खेळ त्या घट्टपणावर आहे. बोळा थोडा जरी सैल झाला तरी पाणी शिरते आणि गाणे दूर गेल्यासारखे वाटते. जमिनीवर वापरताना बाहेरचे आवाज आत सोडण्याची सोय त्यात आहे आणि ती रस्त्यावर चालू ठेवायलाच हवी.

शॉक्झचा ओपनस्विम कानात जातच नाही. तो कानासमोर गालाच्या हाडावर टेकतो आणि कंपने हाडातून आतल्या कानापर्यंत पोचवतो. वजन ३० ग्रॅम, ४ जीबी, बॅटरी आठ तास, ब्लूटूथ नाही. नंतर २०२४मध्ये आलेल्या ओपनस्विम प्रोमध्ये ३२ जीबी आणि ब्लूटूथ दोन्ही आहे, म्हणजे पाण्यात साठवलेली गाणी आणि बाहेर आल्यावर फोनची. अमेरिकेतली त्याची छापील किंमत १८० डॉलरच्या आसपास आहे. वायरच्या क्लिप प्लेअरच्या कितीतरी पट.

पाण्यात या प्रकाराची एक गंमत आहे. कानात साधे इअरप्लग घातले की हाडातून येणारा आवाज अधिक स्पष्ट आणि खर्जासकट ऐकू येतो. कानात पाणी गेले की दुखणाऱ्यांना तर इअरप्लग हवेच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ओपनस्विम जास्त सोयीचा. ज्यांना कानात काही घातलेले सोसत नाही त्यांच्यासाठीही तोच. संगीताचा भरीवपणा महत्त्वाचा आणि बोळे कानात नीट बसतात, तर सोनी. बटरफ्लाय किंवा फ्लिप टर्न करणाऱ्यांनी पट्टी टोपीखाली दाबून बसवावी, दोन्ही उपकरणांना हे लागू.

दोघांनाही पडदा नाही आणि दोघांनाही चार्जिंगचा खास साचा लागतो. तो हरवला तर कुठल्याही दुकानातल्या केबलने काम होत नाही. मी हा मोठा दोष मानते, विशेषतः प्रवासात. आणि क्लोरीन असो वा समुद्र, बाहेर आल्यावर उपकरण गोड्या पाण्याखाली धुवायला हवे.

पोहत नसाल तरी हाडावरचा प्रकार रस्त्यावर पळणाऱ्यांनी विचारात घ्यावा असा आहे. आपल्याकडे फुटपाथ सलग नसतात, दुचाकी उलट्या बाजूने येतात, पहाटे कुत्री मागे लागतात. कान मोकळे असणे ही तिथे चैन नव्हे. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: बसच्या गोंगाटात गाणे बुडून जाते आणि हात आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल आवाजाला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. कान मोकळा आहे म्हणून तो सुरक्षित आहे असे नाही. जिममध्ये बेंचवर पाठ टेकून वजन उचलताना मानेमागची पट्टी मात्र दोन्ही उपकरणांत टोचते.

घड्याळ: ॲपवाल्यांची वाट

गार्मिनच्या ‘म्युझिक’ नावाच्या मॉडेलांत किंवा ॲपल वॉचमध्ये स्पॉटिफायची गाणी घड्याळातच उतरवता येतात आणि फोन घरी राहू शकतो. त्यासाठी पैसे भरून घेतलेली वर्गणी आणि ब्लूटूथ इअरबड दोन्ही लागतात, आणि ॲपल वॉचच्या मागे आयफोन हवाच. जो आधीच अंतर, वेग, हृदयाचे ठोके यांची नोंद ठेवतो, त्याच्यासाठी हा पर्याय सरळ आहे. जास्तीची वस्तू नको, मनगटावरच काम होते.

मला खटकते ती बॅटरी. गार्मिन फोररनर २४५ म्युझिकचे आकडे बोलके आहेत: नुसत्या जीपीएसवर २४ तास, गाणी सुरू केली की ६ तास. साताऱ्याची हाफ मॅरेथॉन यात आरामात होते, दिवसभराचा ट्रेक होत नाही. ओल्या बोटांनी मनगटावर गाणे बदलणेही कॉलरवरचे बटण दाबण्याइतके सोपे नाही, ॲपल वॉचसारख्या टचस्क्रीनवर तर नाहीच. फक्त गाण्यांसाठी घड्याळ घ्यायचे असेल तर घेऊ नका. घड्याळ घ्यायचेच आहे आणि गाणी हवी आहेत, तर थोडे जास्त देऊन म्युझिकवाले मॉडेल घ्या.

बाकीचे थोडक्यात

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारे बिननावाचे, मायक्रोएसडीवर चालणारे चिमुकले प्लेअर मुलाला खेळायला ठीक आहेत. रोजच्या व्यायामाला त्यांची क्लिप आणि चार्जिंगची खाच दोन्ही लवकर सैल होतात.

शानलिंग एम०सारखा ३८ ग्रॅमचा उत्तम आवाजाचा प्लेअर मला स्वतःला फार आवडतो, पण तो बसून ऐकण्यासाठी. बहुतेक काम टचस्क्रीनवर असल्यामुळे पळताना त्याचा फारसा उपयोग नाही.

वापरलेला शफल कोणी विकत असेल तर मोह होतो. घेण्याआधी बॅटरी किती तास चालते ते प्रत्यक्ष वाजवून बघा आणि त्याची हेडफोनच्या खाचेत जाणारी खास यूएसबी केबल सोबत आहे ना याची खात्री करा. त्यात गाणी भरायला ॲपलचेच सॉफ्टवेअर लागते, नुसते कॉपी-पेस्ट चालत नाही.

काहीही घेतले तरी पहिल्या दिवशी तीन गोष्टी कराव्या लागतील. बऱ्याच छोट्या प्लेअरना देवनागरीतली फाइलनावे वाचता येत नाहीत, पडद्यावर चौकोन दिसतात, म्हणून नावे रोमन लिपीत ठेवा आणि पुढे ०१, ०२ असे क्रमांक घाला. काही प्लेअर फाइल नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात, तेव्हा फोल्डर एकदम न टाकता क्रमाने टाका. आणि मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीचेच घ्या. त्याहून मोठी कार्डे वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतात आणि जुन्या पद्धतीचे प्लेअर ती ओळखतच नाहीत.