विक कार्डचं दूध: स्टुडंट फॅमिलीने घ्यावं का? (5 पैकी 4 स्टार)

अमेरिकेत नवऱ्याच्या पीएचडी स्टायपेंडवर संसार, त्यात पोटुशी किंवा कडेवर बाळ, अशा मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. विक (WIC) ही आई-बाळांना कार्डावर ठरावीक पौष्टिक पदार्थ फुकट देणारी सरकारी योजना आहे, 1974 पासून कायमची झालेली. प्रेग्नंट बाई, बाळंतीण आणि 5 वर्षांखालची मुलं यांना मिळते, उत्पन्न पॉव्हर्टी लाइनच्या 185 टक्क्यांच्या आत पाहिजे. पोटातलं बाळही घरातलं माणूस म्हणून मोजतात, त्यामुळे काठावर असाल तरी अर्ज करा. बहुतेक राज्यांत व्हिसाची अट नाही आणि 2022 च्या नियमाप्रमाणे हे पब्लिक चार्जमध्ये (म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून असल्याचा शिक्का, ज्यावरून ग्रीन कार्ड अडू शकतं) धरत नाहीत, तरी ग्रीन कार्डचं चालू असेल तर वकिलाला विचारलेलं बरं.

विकच्या क्लिनिकमध्ये उंची, वजन, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, आणि मूल काय खातं याच्या गप्पा. तिथल्या बाईंना वरणभात नीट समजावून सांगावा लागला, पण बाई गोड होत्या.

आता दूध. बाळ 1 ते 2 वर्षांचं असेपर्यंत होल मिल्क देतात, छान जाड साय येते, दहीही मस्त लागतं. दुसरा वाढदिवस झाला की साधारणपणे 1 टक्का फॅटचं नाहीतर एकदम फॅट-फ्री. त्यावर साय धरतच नाही, दही पाणचट होतं, तूप तर विसराच. पोरगं काडीपैलवान असलं तरी होल मिल्कसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ते दूध बघून विचारलं, यात पाणी कोणी घातलं? माझा एक स्टार इथेच कापला.

दुकानात शेल्फवर विकचं लेबल बघायचं आणि वर विकच्या ॲपमध्ये बारकोड स्कॅन करायचा, कारण ब्रँड किंवा साइज चुकली की काउंटरवर कार्ड घेत नाही आणि मागे लाइन खोळंबते. राजमा, चवळी, मसूर मिळून जातात, भाजी-फळांसाठी कार्डावर वेगळे पैसे जमा होतात. आमच्या गावातल्या इंडियन स्टोअरमध्ये मात्र कार्ड चालत नाही, म्हणजे तूरडाळ खिशातूनच. आणि उरलेलं दूध पुढच्या महिन्यात जमा होत नाही, त्यामुळे महिना संपायच्या आत बॅलन्स बघून जे राहिलंय ते घेऊन या.