विटेटच्या इमारती दाखवणारी पदफेरी – जरूर जा

मी सरकारी वास्तुशास्त्रज्ञ आहे, चौदा वर्षं नोकरी झाली. जुन्या मुंबईच्या फेऱ्यांना मी सहसा जात नाही. तिथे गव्हर्नर भेटतात, व्हाइसरॉय भेटतात. नकाशे काढणाऱ्याचं नावही निघत नाही. ही फेरी मात्र गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा काढणाऱ्या जॉर्ज विटेटवरच बेतलेली, म्हणून नाव नोंदवलं.

सुरुवात जीपीओपासून, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयापासून. ही इमारत विटेटच्या वरिष्ठाची, जॉन बेगची. १९०४ मध्ये आलेला विटेट त्याच्याच हाताखाली तयार झाला आणि पुढे मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुशास्त्रज्ञ झाला. विटेटनेच आखलेला बॅलार्ड इस्टेटचा भाग घाईत उरकला, ते मला खटकलं. तिथे अर्धा तास तरी हवा.

खरी मजा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापाशी आली. गाईड मुलीने घुमटाआधी तारखा सांगितल्या. कोनशिला १९०५ची, विटेटचा आराखडा निवडला गेला १९०९ मध्ये. इमारत १९१४ला उभी राहिली, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चाललं आणि संग्रहालय उघडलं थेट १९२२ मध्ये. गेटवेचंही तसंच: कोनशिला आधी, आराखड्याला मंजुरी १९१४, उद्घाटन १९२४. ऐकताना अंगावर काटा आला. मंजुरीची वाट पाहत हातातलं काम जिवंत ठेवणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

गेटवेसमोर तिने विचारलं, ‘मॅडम, रस्ता कमानीला तिरका का येतो?’ समोरून सरळ येणारा रस्ता आखला होता. पैशाअभावी झालाच नाही. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. माझ्या एका रुग्णालयाच्या नकाशात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मोठा व्हरांडा होता. अंदाजपत्रकात तो कापला गेला. आजही लोक तिथे उन्हात डबा उघडून बसतात.

तीन तास चालावं लागतं आणि मध्ये बसायला जागा नाही. वयस्कर मंडळींना न्यायचं तर आधी विचारून घ्या. गाईड मुलीचा आवाज रहदारीत मागच्यांना पोचत नव्हता, पुढे राहा.

आयोजकांना एक विनंती: शिवडीची दफनभूमीही घ्या. विटेट १९२६ मध्ये मुंबईतच गेला, तिथेच त्याला पुरलंय. लांब पडेल, पण बस करा. मी जास्तीचे पैसे आनंदाने देईन.