आठ महिने उशाशी गाथासप्तशती

रोज रात्री तीन गाथा, म्हणजे दोन-दोन ओळींच्या तीन कविता, या बेताने सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह आठ महिन्यांत एकदा वाचून झाला. शृंगारात सत्ता कोणाची आणि शरणागती कोणाची, हे आपल्याच मातीतल्या जुन्या काव्यात पाहावे, एवढ्याच हेतूने मराठी अनुवादाची प्रत घेतली होती. मंगलाचरणानेच चकित केले. पशुपतीने संध्येसाठी ओंजळीत घेतलेल्या पाण्यात रागाने लाल झालेल्या गौरीचे मुख उमटले आहे, आणि कवीचा नमस्कार त्या ओंजळीला आहे.

या रुसव्याला येथे ‘मान’ म्हणतात. पहिल्या शतकातील, म्हणजे पहिल्या शंभर गाथांतील, सत्ताविसावी गाथा माझी किमान वीस वेळा वाचून झाली असेल. दोघेही रुसलेले, दोघांनीही झोपेचे सोंग घेतलेले, स्वतःचा श्वास रोखून दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून निश्चल पडलेले. आणि कवी विचारतो, ‘को मल्लो’, यांत मल्ल कोण? उत्तर तो देत नाही. लगेच पुढच्या गाथेत दीर कोवळ्या वेलीची छडी उगारतो, आणि जिथे जिथे फटका द्यावा असे त्याच्या मनात येते, तिथे तिथे वहिनीच्या अंगावर आधीच रोमांच उभे राहतात. ही शरणागती आहे की खेळाची सूत्रे तिच्याच हाती आहेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

याच काळात कामसूत्रातील प्रहणनाचे, म्हणजे प्रणयातील आघातांचे, प्रकरण शेजारी ठेवून वाचले. तेथे वात्स्यायन बजावतो की जिवावर बेतणारे आघात टाळावेत, आणि दाखला देतो तो सातवाहनांच्याच घरातला: कुंतल शातकर्णीच्या हातून ‘कर्तरी’ या आघाताने महाराणी मलयवतीचा जीव गेला. त्यानंतर वेलीच्या छडीची गाथा पूर्वीइतकी हलकी वाटली नाही.

मानाच्या सत्तेलाही मर्यादा आहे. ते शस्त्र चालते ते नवऱ्याचे मन जिच्यावर अजून आहे तिच्याच हाती. सवतींच्या गाथा वाचताना हे फार बोचते. तरीही अकराव्या गाथेत नवरा पाया पडलेला असताना लहान मुलगा त्याच्या पाठीवर चढतो आणि रागाने पोळलेल्या त्या गृहिणीलाही हसू फुटते, तेव्हा कोण जिंकले हा प्रश्नच मागे पडतो.

तक्रार एकच, आणि ती टीकापरंपरेविषयी, म्हणजे गाथांचा अर्थ लावणाऱ्या भाष्यांविषयी आहे. गाथा कोण कोणाला म्हणते आहे हे मूळ दोन ओळींत बहुधा नसतेच. ते टीकाकार ठरवतो, आणि सखी, दूती किंवा कुलटा असे एक नाव चिकटले की दुसरा अर्थ सुचेनासा होतो. म्हणून सध्या दुसरे वाचन टीप पोस्टकार्डाने झाकून चालू आहे.