बीनकाउंट लायब्ररी म्हणून: चूक सांगतं, पण विचारलं तरच

कोथरूडमधल्या सोसायटीचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, टँकरचा खर्च हे सगळं बीनकाउंटच्या टेक्स्ट फाईलमध्ये. बीनकाउंट म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेला हिशेब वाचून तपासणारं सॉफ्टवेअर; ते पायथनमधून लायब्ररी म्हणूनही वापरता येतं. पावत्या आणि थकबाकीची यादी पायथन स्क्रिप्टमधून. तयार सॉफ्टवेअरवाले दरवर्षी फ्लॅटमागे पैसे मागतात, हे फुकट आहे. तरीही एका गोष्टीने डोकं उठवलं.

फाईल वाचणाऱ्या लोडरमधलं 'लोड_फाईल' हे फंक्शन तीन गोष्टी परत देतं: नोंदी, चुका आणि ऑप्शन्स. फाईल चुकलेली असली तरी एक्सेप्शन, म्हणजे स्क्रिप्ट थांबवणारी एरर, येत नाही. अकाउंटच्या नावातला पहिलाच कोलन सुटला की ती अख्खी नोंद गळते, बाकीच्या लोड होतात आणि स्क्रिप्ट बिनदिक्कत बेरीज करते. परिणाम काय, तर ज्याने मेंटेनन्स भरला त्याचंच नाव थकबाकीदारांत! इंटरनेटवरच्या निम्म्या उदाहरणांत दुसरी व्हॅल्यू, म्हणजे चुकांची यादी, अंडरस्कोअरमध्ये टाकतात, म्हणजे न बघताच सोडून देतात. तसं करू नका. लोड झाल्याबरोबर चुकांची यादी तपासा. रिकामी नसेल तर 'प्रिंट_एरर्स' करून स्क्रिप्ट तिथेच थांबवा.

वर्षभराच्या नोंदी एकदम भरताना मात्र मत थोडं बदललं. प्रत्येक चुकीसोबत फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक येतो, तोही सगळ्या चुकांचा एका फटक्यात. एक्सेप्शन पहिल्याच चुकीवर अडलं असतं. तरी 'स्ट्रिक्ट' असा एखादा पर्याय द्यायला काय हरकत होती?

बाकीचं थोडक्यात. फाईलमध्ये लिहिलेल्या शिल्लकेची ('बॅलन्स' ओळीची) तपासणी त्या दिवसाच्या सुरुवातीला होते, त्यामुळे ३१ मार्चची बँकेची अखेरची शिल्लक १ एप्रिलच्या तारखेने लिहा. उत्पन्न उणे चिन्हाने येतं. अहवालात चिन्ह उलटवा, नाहीतर खजिनदार फोन करणारच. रक्कम कायम डेसिमल या अचूक दशांश प्रकारात, स्ट्रिंगपासून (मजकुरापासून) बनवलेली. फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवलेले दशांश, आणलात की पैशांचा घोळ. नोंदी नेमटपल (नावं असलेल्या रकान्यांचा पायथनमधला संच) आहेत, जागच्या जागी बदलत नाहीत; '_रिप्लेस' वापरून नवी बनवा.

२०२४ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत क्वेरीचा (हिशेबाला प्रश्न विचारण्याचा) भाग 'बीनक्वेरी' आणि इम्पोर्टरचा (बँकेच्या फायली आत आणण्याचा) 'बीनगल्प' अशा वेगळ्या पॅकेजांत गेला. जुने इम्पोर्ट तिथे मोडतात, म्हणून आवृत्ती पिन करून, म्हणजे ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा.

आणि बीनकाउंटला जोडलेलं स्वतःचं प्लगिन (नोंदींवर चालणारा जादा कोड) दुरुस्त करूनही जुनाच आकडा दिसत असेल, तर फाईलशेजारची लपलेली पिकलकॅश, म्हणजे आधी वाचलेल्या हिशेबाची साठवलेली प्रत, उडवा. कॅश फक्त हिशेबाच्या फायली बदलल्या का एवढंच बघते, प्लगिनचा कोड नाही.