बोअरमधलं पाणी मोजायला खडूची टेप की बीप वाजणारा साउंडर?

गावातल्या बोअरची पाणीपातळी नोंदवायची ठरवलंत, की साधनाचा प्रश्न येतोच. मी चार वर्षं दोन्ही वापरली आहेत. उघड्या विहिरीला वजन बांधलेली साधी टेप पुरते, तेव्हा हे बोअरपुरतंच.

अचूकतेत पोलादी टेप कुठेही कमी नाही. खालच्या दीड मीटरला खडू फासायचा, टेप सोडायची, पूर्ण आकडा केसिंगच्या (बोअरच्या तोंडाला बसवलेल्या पाइपच्या) कडेला धरायचा आणि वर ओढून खडू जितका भिजला तितकं वजा करायचं. बॅटरी नाही, बिघडण्यासारखं काही नाही. फक्त पाणी कुठे असेल याचा अंदाज आधीच हवा. ऑक्टोबरात तो जमतो. मे महिन्यात खडू कोरडाच वर येतो आणि पुन्हा चाळीस मीटर टेप खाली सोडावी लागते.

माझं घोडं इथेच अडलं. खरी पातळी कळते ती पंप काही तास बंद राहिल्यावर. आमच्याकडे बहुतेक मोटारींना ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका मे महिन्यात सकाळी तिसऱ्यांदा खडू लावत होतो आणि लाईट आली. पाणी खाली जायला लागलं, नोंद वाया गेली. पीक सुकत असलेल्या शेतकऱ्याला थांबा म्हणणं मला जमलं नाही. त्या दिवशी पाचपैकी तीन बोअर हुकले.

साउंडर म्हणजे मीटरच्या खुणा असलेली केबल. तिच्या टोकाचा प्रोब पाण्याला टेकला की बीप वाजते, आकडा जागेवरच वाचायचा. अंदाज लागत नाही. खोट आहे, नाही असं नाही. वरच्या भेगेतून पाझर असेल तर ओल्या केसिंगला लागूनही तो वाजतो. मी वर-खाली करून तीनदा त्याच खुणेवर वाजला तरच लिहितो. केबल ताणली जाते, म्हणून वर्षातून एकदा पोलादी टेपशी ताडून बघावी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तेच महिने धरलेत तर आकडे शेजारी ठेवून बघता येतील.

तुमचे बोअर दोन-तीनच असतील आणि मोटर हाताने सुरू होत असेल, तर टेपनेही छान भागेल. त्याहून जास्त असतील तर मी साउंडरच घेईन. टेप वर्षातून एक दिवस कुणाकडून मागून आणता येते. आणि मोटर पुढच्या वेळी वर काढाल तेव्हा शेजारून एक इंची पीव्हीसी पाइप सोडून ठेवा, प्रोब त्यातून सोडायचा. मोटरच्या दोरीत प्रोब अडकला की तो सोडवण्यात अख्खी सकाळ जाते.