'ऑफिशियम' घ्यावी की 'निमॉसिनी'?

हिलियर्ड एन्साम्बल हा चौघा गायकांचा ब्रिटिश वृंद आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांची एकच ध्वनिमुद्रिका घ्यायची असेल, तर निवड बहुधा 'ऑफिशियम' (१९९४) आणि 'निमॉसिनी' (१९९९) या दोहोंत करावी लागते. दोन्हींचे ध्वनिमुद्रण ऑस्ट्रियातील सेंट गेरॉल्डच्या मठात झाले असल्याने दगडी वास्तूत हळूहळू विरत जाणारा नाद दोहोंत सारखाच आहे. फरक आहे तो निवडलेल्या रचनांत.

'ऑफिशियम'मध्ये मध्ययुगातील आणि प्रबोधनकाळातील धर्मसंगीत आहे, आणि आधुनिक म्हणावे असे त्यात फक्त सॅक्सोफोनच. सोळाव्या शतकातील स्पॅनिश रचनाकार क्रिस्तोबाल दे मोरालेस यांची, मृतांसाठीच्या प्रार्थनाविधीतील 'पार्चे मिही दोमिने' ही रचना तीनदा येते आणि त्यांपैकी एकदा सॅक्सोफोन पूर्ण गप्प राहतो. नवख्या श्रोत्याने आधी ती सॅक्सोफोनविना असलेली आवृत्ती ऐकावी व मग पहिलीकडे वळावे, म्हणजे लिहून ठेवलेल्या चार आवाजांमधून गार्बारेक आयत्या वेळी सुचलेली ओळ कशी वाहून नेतात, ते नेमके उमगते. झाकीर हुसेन आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९८७च्या एका ध्वनिमुद्रिकेत वाजवलेल्या या वादकाची लांबवलेली स्वरफेक आपल्या कानांना परकी वाटत नाही. मात्र खालचा आधार तानपुऱ्यासारखा स्थिर न राहता सरकत असतो, याची सवय व्हावी लागते.

'निमॉसिनी' दोन डिस्कची आहे आणि तिचा पल्ला फार मोठा आहे: ग्रीसमधील डेल्फी येथे दगडावर कोरलेले इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील स्तोत्र, मध्ययुगातील हिल्डेगार्ड आणि प्रबोधनकाळातील टॅलिस व ब्रुमेल यांच्या रचना, पेरू व बास्क प्रदेशातील लोकगीते आणि एस्टोनियाचे वेल्यो टॉर्मिस (१९३०–२०१७) यांची अंगाई. ती एका बैठकीत ऐकणे दमवणारे आहे. तरीही प्राचीन काळापासून आजपर्यंतचा प्रवास हवा असणाऱ्याने हीच घ्यावी. पहिलीच खरेदी असेल, तर मात्र मी 'ऑफिशियम'च सुचवीन, कारण तिच्यातील एकसंधपणा पुढच्या विस्तारात राहिलेला नाही.

पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेची ओढ असणाऱ्यांसाठी आर्मेनियाचे कोमितास आणि एस्टोनियाचे आर्वो पार्ट यांच्या रचना असलेली 'ऑफिशियम नोव्हम' (२०१०) अधिक जवळची ठरेल. सॅक्सोफोनच नको असेल, तर याच वृंदाने केवळ आवाजांत गायलेली, मध्ययुगीन फ्रेंच रचनाकार पेरोतँच्या रचनांची १९८९ची ध्वनिमुद्रिका घ्यावी.